नाण्यावर कोणते साल?

इ.स. २००० मध्ये दोन देशांनी ग्रंथालयांसाठी नाणी पाडली. ब्रिटनने सार्वजनिक ग्रंथालयांच्या दीडशे वर्षांनिमित्त पन्नास पेन्सचे सप्तकोनी नाणे काढले. मेरी मिल्नर डिकन्स यांनी रेखाटलेल्या त्या नाण्यावर खांबांची इमारत आहे, तिच्या वर पाने उलटत असलेले पुस्तक आहे आणि १८५० व २००० ही दोन साले आहेत. या नाण्याचे एक कोटीहून अधिक नग पाडले गेले आणि ते रोजच्या व्यवहारात लोकांच्या हातांतून फिरले. त्याच वर्षी अमेरिकेने लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या द्विशताब्दीसाठी चांदीचा एक डॉलर आणि सोने-प्लॅटिनमचे दहा डॉलरचे नाणे काढले. ही नाणी संग्राहकांसाठी होती आणि त्यांच्या किमतीतला काही भाग ग्रंथालयाच्या निधीसाठी राखलेला होता. या दोन्ही देशांनी आरंभाचे साल कसे निवडले ते पाहण्यासारखे आहे. मँचेस्टरचे चेथम ग्रंथालय १६५३ पासूनचे, ऑक्सफर्डचे बॉडलियन त्याहून जुने. असे असताना नाण्यावर १८५० आले, कारण त्या साली विल्यम युअर्ट यांच्या पुढाकाराने ब्रिटिश संसदेने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. अमेरिकेचे १८०० हे सालही कायद्याचेच, पुस्तक-खरेदीसाठी पाच हजार डॉलर मंजूर करणाऱ्या कायद्याचे. कोणत्या धनिकाने किंवा राजाने पुस्तके जमवली याला या नाण्यांनी महत्त्व दिले नाही. पुस्तकांवर लोकांचा हक्क कधी लेखी झाला, हे पाहिले.

तंजावरच्या बाबतीत हा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. हे शहर भारतीय चलनावर आधीच उमटलेले आहे. १९५४ मध्ये रिझर्व्ह बँकेने काढलेल्या हजार रुपयांच्या नोटेवर बृहदीश्वराचे मंदिर होते. ती नोट १९७८ मध्ये रद्द झाली. २०१० मध्ये मंदिराला हजार वर्षे पूर्ण झाली तेव्हा पाच रुपयांचे नाणे निघाले आणि भारताचे पहिले हजार रुपयांचे नाणेही त्याच निमित्ताने पाडले गेले. मंदिराला हा मान मिळाला यात गैर काही नाही. पण त्याच शहरात, राजवाड्याच्या आवारात, सरस्वती महाल ग्रंथालय उभे आहे. तिथे सुमारे एकोणपन्नास हजार हस्तलिखिते आहेत. त्यांत संस्कृतची एकोणचाळीस हजारांवर, तमिळची साडेतीन हजारांच्या आसपास, मराठीची तीन हजारांहून थोडी अधिक आणि तेलुगूची आठशेच्या वर. शिवाय मोडी दफ्तराचे शेकडो रुमाल आहेत. २०१६ मध्ये राष्ट्रीय अभिलेखागाराच्या १२५ वर्षांसाठी दहा रुपयांचे नाणे निघाले, तेव्हा कागदपत्रांच्या घराला नाणे शोभत नाही असे कुणी म्हणू शकणार नाही. सरस्वती महालाचेही नाणे निघावे असे मला मनापासून वाटते. आणि ते निघाले तर त्यावर हा संग्रह वाढवणाऱ्या राजा सरफोजींच्या राज्यारोहणाचे किंवा जन्माचे साल न घालता १९१८ हे, संग्रह लोकांसाठी खुला झाला ते साल घालावे, असे माझे म्हणणे आहे. ते पटण्याजोगे आहे की नाही हे इतिहासातच तपासावे लागेल.

या म्हणण्याविरुद्धचा पक्ष कमजोर नाही, म्हणून तोच आधी पूर्ण ताकदीने मांडतो. ग्रंथसंग्रहाची सुरुवात तंजावरच्या नायक राजांपासून होते. त्यांच्या पदरी तेलुगू आणि संस्कृत विद्येचा मोठा दरबार होता. शहाजीराजांचे पुत्र आणि शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतले, तेव्हा किल्ल्याबरोबर हा ग्रंथांचा वारसाही भोसल्यांकडे आला. त्यांनी तो नुसता राखला नाही, वाढवला. व्यंकोजींचे पुत्र शहाजी (कारकीर्द १६८४ ते १७१२) स्वतः तेलुगू आणि मराठीत नाटके रचत. त्यांचे एक नाटक तर पाच भाषांत आहे. तुळजाराजांनी ‘संगीतसारामृत’ लिहिले. समर्थ रामदासांचे शिष्य भीमस्वामी तंजावरला आले, मठ स्थापन झाले आणि कावेरीच्या काठी मराठी ओवी-अभंगांच्या पोथ्या उतरवल्या जाऊ लागल्या. काही मराठी ग्रंथ तर तेलुगू लिपीत ताडपत्रावर लिहिलेले सापडतात. लिहिणाऱ्याची लिपी एक, भाषा दुसरी आणि राहण्याचा मुलूख तिसऱ्याच भाषेचा: या संग्रहाचा स्वभाव तिथेच घडला.

आणि मग सरफोजी दुसरे. त्यांची कथा मुळात पुस्तकांनीच वळवलेली आहे. २४ सप्टेंबर १७७७ रोजी जन्मलेल्या या मुलाला तुळजाराजे दुसरे यांनी १७८७ मध्ये, मृत्यूच्या थोडे आधी, दत्तक घेतले. दत्तविधान शास्त्रशुद्ध आहे का, हा प्रश्न ईस्ट इंडिया कंपनीने पंडितांपुढे ठेवला. आधीचा निर्णय सरफोजींच्या विरुद्ध गेला आणि अमरसिंह गादीवर बसले. मुलाची आबाळ झाली, शिक्षणही थांबले. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने त्यांची बाजू लावून धरली. १७९३ मध्ये सरफोजींना मद्रासला नेण्यात आले, तिथे त्यांचे शिक्षण झाले. पुढे पंडितांची मते पुन्हा मागवली गेली, धर्मशास्त्राचा कौल फिरला आणि १७९८ मध्ये ते राजे झाले. गादी अशी पोथ्यांच्या आधारे आधी गेली आणि मग मिळाली. मिळाली तीही कशी, तर १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजांकडे उरला तंजावरचा किल्ला, ठरावीक नेमणूक आणि महसुलातला पाचवा हिस्सा. फौज नाही, परराष्ट्रनीती नाही, न्यायदान नाही. असा तह स्वीकारून उरलेले आयुष्य शिकारीत आणि नाचगाण्यात घालवणारे संस्थानिक त्या काळी थोडे नव्हते. सरफोजींनी उरलेला पैसा आणि वेळ विद्येत घातला.

किती घातला याची कल्पना त्यांच्या खरेदीवरून येते. तंजावरचे माजी रेसिडेंट बेंजामिन टोरिन इंग्लंडला परतल्यावर त्यांच्यामार्फत सरफोजी लंडनहून ग्रंथ आणि शास्त्रीय उपकरणे मागवत. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन अशा युरोपीय भाषांतली सुमारे साडेचार हजार पुस्तके अशी जमली. त्यांत डॉक्टर जॉन्सनचा शब्दकोश आहे. माणसांच्या आणि प्राण्यांच्या चेहऱ्यांची तुलना करणारी शार्ल लब्रँची चित्रेही आहेत. १८२० ते १८२२ या काळात मोठ्या लवाजम्यासह ते काशीयात्रेला गेले आणि परतताना संस्कृत हस्तलिखितांचा मोठा साठा घेऊन आले. राजवाड्यात देवनागरी छापखाना काढला. तिथे सख्खण पंडितांनी मराठीत आणलेल्या इसापाच्या गोष्टी ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने छापल्या गेल्या, आणि मराठी मुद्रणाच्या अगदी पहिल्या पुस्तकांत तिची गणना होते. धन्वंतरी महालात देशी आणि युरोपीय वैद्यकाचा मेळ घालून रोग्यांच्या तपशीलवार नोंदी ठेवल्या गेल्या. सरफोजींनी स्वतः ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक रचले. त्यात तमिळ कुरवंजी या नाट्यप्रकारातली भविष्य सांगणारी कुरवंजी सगळ्या जगाचा भूगोल सांगते. तमिळ रंगभूमीचा साचा, मराठी भाषा आणि युरोपातून आलेले भूगोलज्ञान यांचा असा संगम त्या काळात दुसरीकडे शोधून सापडणे अवघड. १८२६ मध्ये बिशप हेबर तंजावरला आले, तेव्हा लॅव्हॉयझियर आणि लिनियस यांच्याविषयी अधिकाराने बोलणारा हा राजा पाहून ते थक्क झाले.

या सगळ्यावरून कुणी म्हणेल की नाण्यावर सरफोजीच हवेत, दुसरे कोण? कर्तृत्वाचा मान द्यायचा असेल तर उत्तर निर्विवाद आहे. माझा आक्षेप कर्तृत्वाला नाही. सार्वजनिक ग्रंथालयाचा इतिहास सांगणाऱ्या नाण्यावर काय कोरायचे, हा प्रश्न निराळा आहे. सरफोजींच्या काळात संग्रहाचा वापर होत होता हे खरे. पंडित, वैद्य, लेखनिक, अनुवादक यांच्या वावराशिवाय एवढे काम उभेच राहिले नसते. ओरत्तनाडूच्या मुक्तांबाळ छत्रात अन्नदानाबरोबर शाळाही चालत आणि तिथे अनेक भाषा शिकवल्या जात. परंतु हा सगळा वापर राजाच्या मर्जीने होता. ज्याला ग्रंथ मिळाला त्याला तो राजाच्या कृपेने मिळाला. ज्याला नाकारला त्याला दाद मागायला जागा नव्हती. राजे उदार होते म्हणून दार उघडे होते. पुढचा राजा उदार नसता तर? पुढे राजाच नसता तर? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इतिहासाने सरफोजींच्या मृत्यूनंतर चोवीस वर्षांच्या आत दिले.

सरफोजी ७ मार्च १८३२ रोजी वारले. त्यांचे पुत्र शिवाजी दुसरे १८५५ मध्ये पुत्रसंतान नसताना वारले, आणि डलहौसीच्या धोरणानुसार कंपनीने तंजावरचे राज्य संपले असे ठरवले. १८५६ मध्ये कमिशनर फोर्ब्स यांनी सैनिकांच्या बंदोबस्तात राजवाड्याचा ताबा घेतला. राज्य तर १७९९ पासूनच कंपनीच्या हाती होते. आता उरले होते ते घर, जडजवाहीर, चीजवस्तू आणि ग्रंथ. ज्येष्ठ राणी कामाक्षीबाईसाहेब यांनी मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. जॉन ब्रूस नॉर्टन या मद्रासच्या नामांकित वकिलांनी त्यांची बाजू मांडली: राज्य खालसा झाले तरी खासगी मालमत्ता वारसांचीच. मद्रासच्या न्यायालयाने ते मान्य केले. कंपनी लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे गेली आणि १८५९ मध्ये लॉर्ड किंग्जडाउन यांनी निकाल फिरवला. ही सार्वभौम सत्तेने केलेली राजकीय कृती आहे. अन्याय झाला असला तरी त्यावर इलाज करण्याचा अधिकार कोणत्याही न्यायालयाला नाही, असा त्या निकालाचा आशय. कायद्याच्या पुस्तकांत हा खटला आजही शिकवला जातो. त्याकडे ग्रंथालयाच्या इतिहासातला प्रसंग म्हणून मात्र सहसा पाहिले जात नाही, आणि ती मोठी उणीव आहे. भारतातल्या एका अत्यंत मौल्यवान ग्रंथसंग्रहाला कायद्याचे कसलेही संरक्षण नाही, हे त्या दिवशी जगातल्या सर्वांत बलाढ्य साम्राज्याच्या सर्वोच्च न्यायासनाने सांगितले होते.

त्या निकालानंतर संग्रहाचे काय होऊ शकले असते, हे कल्पनेने रंगवण्याची गरज नाही; उदाहरण शेजारीच होते. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले. टिपू सुलतानाचे सुमारे दोन हजार ग्रंथ युद्धातली लूट म्हणून कंपनीच्या हाती लागले आणि कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजपासून लंडनच्या ईस्ट इंडिया हाउसपर्यंत विभागले गेले. ग्रंथ नष्ट झाले नाहीत, त्यांची सूचीही छापली गेली. पण श्रीरंगपट्टणचे ग्रंथालय म्हणून जे होते ते उरले नाही. ज्या वर्षी टिपूचा संग्रह विखुरला, त्याच वर्षी सरफोजींनी तह करून आपला संग्रह सुरक्षित केला, असे काहींना वाटेल. तहाने साठ वर्षांची मुदत मिळाली, एवढेच. १८५९ मध्ये तंजावरचा संग्रह टिपूच्या संग्रहाइतकाच निराधार होता. तो वाचला तो हक्काने नव्हे. १८६२ मध्ये सरकारने राण्यांना खासगी मालमत्ता परत दिली, ती कायद्याने बांधील म्हणून नाही, मेहेरबानी म्हणून. आधी राजाची कृपा, मग सरकारची कृपा. ग्रंथ त्याच महालात राहिले, पण त्यांचे भवितव्य आता राण्यांच्या आणि पुढे त्यांच्या वारसांच्या घरगुती हिशेबात अडकले.

मधल्या काळात जगाला या संग्रहाची ओळख करून दिली ती ए. सी. बर्नेल यांनी. तंजावरला न्यायाधीश असलेले हे सनदी अधिकारी दक्षिण भारतीय लिपिशास्त्राचे मोठे जाणकार होते. पुढे हेन्री यूल यांच्याबरोबर केलेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशामुळे ते अधिक प्रसिद्ध झाले. तंजावरच्या राजवाड्यातल्या संस्कृत हस्तलिखितांची त्यांची वर्गीकृत सूची १८८० मध्ये लंडनला छापली गेली. ग्रंथ, तेलुगू, देवनागरी, नंदिनागरी अशा लिप्यांतल्या हजारो पोथ्या तपासायच्या, त्यांचे कर्ते आणि विषय ठरवायचे, हे काम त्यांनी खालावत्या प्रकृतीत केले आणि दोनच वर्षांनी, चाळिशी नुकतीच ओलांडलेली असताना, ते वारले. त्यांच्याविषयी कृतज्ञता वाटल्यावाचून राहत नाही. पण या सूचीनेच एक विसंगतीही जगापुढे आणली. तंजावरला अमुक ग्रंथ आहे हे आता युरोपातल्या विद्यापीठांतून कळत होते. तो ग्रंथ पाहण्याचा हक्क मात्र तंजावरच्या माणसालाही नव्हता.

ही विसंगती १९१८ मध्ये मिटली. भोसले घराण्याच्या वारसांनी संग्रह लोकांसाठी देण्यास संमती दिली आणि ऑक्टोबर १९१८ मध्ये मद्रास सरकारने १८९० च्या धर्मादाय देणग्यांच्या कायद्याखाली तो ताब्यात घेऊन त्याच्या व्यवस्थेची योजना केली. या कायद्याची रचना इथे महत्त्वाची आहे. त्याखाली मालमत्तेची मालकी सरकारने नेमलेल्या खजिनदाराकडे जाते, पण ती विश्वस्त म्हणून. तिचा विनियोग जाहीर केलेल्या योजनेनुसार आणि ठरलेल्या सार्वजनिक हेतूसाठीच करावा लागतो. सरकार बदलले, अधिकारी बदलले, घराण्यातली पिढी बदलली तरी हेतू बदलत नाही. १८५९ मध्ये ज्या सरकारने न्यायालयात सांगितले होते की आमच्या कृतीवर कायदा चालत नाही, त्याच सरकारने १९१८ मध्ये या ग्रंथांच्या बाबतीत स्वतःला कायद्याने बांधून घेतले. सरस्वती महालाच्या चारशे वर्षांच्या इतिहासात मला यापेक्षा मोठा क्षण दिसत नाही.

त्याची फळे लवकर दिसू लागली. पी. पी. एस. शास्त्री यांनी संस्कृत हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची हाती घेतली. १९२८ पासून श्रीरंगमच्या वाणीविलास छापखान्यातून तिचे खंड निघत गेले आणि ती एकोणीस खंडांपर्यंत पोहोचली. तंजावरच्या लांडगे, कागलकर, पतंग अवधूत अशा घराण्यांचे संग्रह ग्रंथालयात जमा झाले. राजाच्या खासगी संग्रहात आपल्या वाडवडिलांच्या पोथ्या कोण आणून देईल? लोकांच्या ठेवीत भर घालायला मात्र माणसे पुढे आली. मराठीपुरते बोलायचे तर शहाजीराजांची सतराव्या शतकाच्या अखेरची मराठी नाटके अभ्यासकांच्या हाती आली आणि मराठी नाटकाचा आरंभ १८४३ च्या सांगलीत, विष्णुदास भाव्यांपाशी मानण्याची जी रीत होती, तिला दीडशे वर्षे मागे जाऊन पाहावे लागले. मराठी नाटकाच्या इतिहासाचे एक प्रकरणच तंजावरच्या कपाटांत होते. मोडी दफ्तरातून चक्रम आणि पणम या नाण्यांच्या हिशेबात नोंदलेले पगार, देणग्या, खरेद्या बाहेर आल्या. तमिळ अभ्यासकांनी त्यांतून आपल्या प्रदेशाचा सामाजिक इतिहास लिहिला. १९८३ मध्ये ग्रंथालयाला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला.

यावर आक्षेप येतील, आणि त्यांतला पहिला सगळ्यांत गंभीर आहे. १९१८ मध्ये दार उघडले ते कुणासाठी? तंजावर जिल्ह्यातल्या बहुसंख्य माणसांना तेव्हा अक्षरओळख नव्हती. ज्यांना होती त्यांनाही ग्रंथ लिपीतली मीमांसा किंवा मोडीतला जमाखर्च वाचता येणे शक्य नव्हते. जातीच्या भिंती होत्या. तेव्हा हे दार पंडितांसाठीच उघडले, असे कुणी म्हटले तर ते वस्तुस्थितीला सोडून नाही. मी एवढेच म्हणेन की हक्क आधी लेखी होतो आणि त्याचा वापर करणारे मागून येतात. ब्रिटनच्या १८५० च्या कायद्याची गोष्ट हीच आहे. दहा हजारांवर वस्तीच्या शहरांनाच तो लागू होता, पौंडामागे अर्ध्या पेनीचाच कर बसवता येत होता आणि त्या करातून पुस्तके विकत घेण्याची परवानगीच नव्हती. इमारत लोकांच्या पैशाची, पुस्तके कुणी दान दिली तर. असा लंगडा कायदा आणि त्याचे साल दीडशे वर्षांनी नाण्यावर झळकले, कारण पुढचे सगळे त्याच्यावर उभे राहिले.

तंजावर जिल्ह्यातही पुढचे घडले, आणि ते अभिमानाने सांगावे असे आहे. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन १८९२ मध्ये शियाळीत, आजच्या सीरकाळीत, जन्मले. ते गाव त्या वेळी तंजावर जिल्ह्यात होते. १९३१ मध्ये त्यांची ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री प्रसिद्ध झाली, आणि त्याच वर्षी त्याच जिल्ह्यातल्या मन्नारगुडी परिसरात बैलगाडीतून गावोगाव पुस्तके नेणारे फिरते ग्रंथालय सुरू झाले. त्यांच्या प्रयत्नांतून १९४८ मध्ये मद्रासचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला. स्वतंत्र भारतातला तो पहिला. आणि भोसल्यांच्या दुसऱ्या गादीकडे, कोल्हापूर संस्थानात, १९४५ मध्येच असा कायदा झाला होता, म्हणजे देशातला पहिला. महाराष्ट्राला मात्र १९६७ पर्यंत थांबावे लागले. रंगनाथन यांच्या विचारावर सरस्वती महालाचा प्रभाव होता असा माझा दावा नाही. पण पुस्तक हे कृपेने न मिळता हक्काने मिळावे, हा जो विचार विसाव्या शतकात या भागात रुजला, त्याची सर्वांत भारदस्त साक्ष राजवाड्यातल्या संग्रहानेच दिली. राजाचे ग्रंथसुद्धा लोकांचे होऊ शकतात, हे त्याने दाखवले.

दुसरा आक्षेप असा की १९१८ मध्ये वीरश्रीचे काही नाही. घराण्याला संग्रह सांभाळणे जड झाले असेल, सरकारला एक प्रश्न मार्गी लावायचा असेल. त्यातून एक सरकारी आदेश निघाला. नाण्यावर फायलीचे साल कसले कोरायचे? मला उलट वाटते. संस्था टिकतात त्या अशाच कंटाळवाण्या कागदांवर. वारसांपुढे संग्रह विकण्याचा पर्याय होता. चांगली हस्तलिखिते विकत घ्यायला लंडन आणि बर्लिनमध्ये गिऱ्हाईक होते, हे बर्नेलच्या सूचीनंतर कुणालाही ठाऊक असणार. तो मार्ग न धरता ठेव एकत्र आणि जागच्या जागी ठेवण्यास संमती देणे, हा त्याग लहान नाही. त्याचे गोडवे कुणी गायले नाहीत म्हणून तो कमी ठरत नाही. सरफोजींनी स्वतः स्मारके उभारली ती पाहावीत. १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी इतिहास कोरवून घेतला. नेपोलियनच्या पराभवाची आठवण म्हणून समुद्रकाठी मनोऱ्याचा बुरूज बांधला. पहिल्यात घराण्याचा अभिमान आहे, दुसऱ्यात कंपनीशी असलेले सख्य. दोन्ही भव्य आहेत. त्यांच्यापुढे १९१८ च्या आदेशाचा कागद किरकोळ दिसतो. आणि तरीही ज्या एका गोष्टीमुळे सरफोजींचे नाव आज जगभरच्या अभ्यासकांच्या तोंडी आहे, ती त्या कागदाने राखली.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. नाणे कशाला, तेच पैसे ताडपत्रांना लिंबूगवताचे तेल लावण्यावर आणि त्यांच्या डिजिटल प्रती करण्यावर खर्चावेत. जतनाचे काम आधी, हे मान्यच आहे. पण ही दोन कामे एकमेकांच्या आड येतातच असे नाही. अमेरिकेच्या नाण्यांनी ग्रंथालयाच्या निधीत भर घातली, हे वर आलेच आहे. आणि ब्रिटनच्या नाण्याने आणखी एक गोष्ट साधली, ती म्हणजे ते चलनात गेले. आपल्याकडे २०१० चे हजार रुपयांचे नाणे चांदीचे, संग्राहकांच्या डबीत राहणारे. त्याच निमित्ताचे पाच रुपयांचे नाणे मात्र तंजावरच्या बसमध्ये सुट्टे म्हणून मिळू शकत होते. सार्वजनिक ग्रंथालयाचे नाणे या दुसऱ्या जातीचे असावे. ज्याच्या खिशात ते येईल, त्याला राजवाड्यातल्या ग्रंथांवर आपलाही हक्क आहे हे कळावे, एवढीच त्याची योजना.

२४ सप्टेंबर २०२७ रोजी सरफोजींच्या जन्माला अडीचशे वर्षे पूर्ण होतील. १९१८ ची शताब्दी मागेच सरली, सव्वाशे वर्षांसाठी २०४३ पर्यंत थांबावे लागेल. स्मारक नाण्याचा प्रस्ताव केंद्राच्या अर्थमंत्रालयाकडे जातो, राजपत्रात अधिसूचना निघते आणि मग मुंबई, कोलकाता, हैदराबाद किंवा नोएडाच्या टांकसाळीत साचे बनतात; या सगळ्याला वेळ लागतो. म्हणून २०२७ चे निमित्त साधावेच आणि त्याची तयारी आताच करावी. त्या प्रस्तावात नाण्याच्या एका बाजूला सरफोजी महाराजांची प्रतिमा सुचवावी, त्याला माझी हरकत नाही. मात्र तिच्याभोवती १७७७ आणि २०२७ ही साले येणार असतील, तर ताडपत्राच्या पोथीखाली १९१८ हे तिसरे सालही मागावे, आणि नाणे पाच किंवा दहा रुपयांचे, चलनात जाणारे असावे असे त्याच अर्जात स्पष्ट लिहावे.